कंट्रोल + मात्रा

परवा मी जवळजवळ साडेचारशे शब्द स्वतःच्या हाताने फेकून दिले. कॉम्प्युटर हँग झाला नव्हता, बॅटरी संपली नव्हती, ज्यात मी लिहिते तो एडिटर क्रॅशही झाला नव्हता. उलट तो बिचारा विचारत होता की बदल सेव्ह करायचे का, आणि मी 'नको'वर क्लिक केलं. अगदी शांतपणे. कारण माझ्या हिशेबाने सगळं सेव्ह झालेलंच होतं, दर दोन वाक्यांनी मी कंट्रोल-एस दाबत होते, मग आता हा कसले बदल म्हणतोय, तर बंद करताना चुकून स्पेसबारला हात लागला असेल, एक स्पेस गेला काय आणि राहिला काय. हे असं चुकून काहीतरी लागणं आणि त्यावरून एडिटरने प्रश्न विचारणं माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की 'नको' म्हणताना मी तो डायलॉग वाचत पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर त्यात आदल्या दिवशी जेवायला उठले तिथपर्यंतचाच मजकूर. पुढचं काही नाही. आधी वाटलं चुकीची फाइल उघडली, मग वाटलं सिंक झाली नसेल, मग फोल्डरमधे त्या नावासारखी दुसरी फाइल आहे का ते बघितलं, मग रिसायकल बिन (तिथे का बघितलं देव जाणे, मी काही डिलीट केलंच नव्हतं). मग फाइलची शेवटची बदललेली वेळ बघितली. दुपारी सव्वा वाजताची. म्हणजे सव्वा ते साडेसहा मी जे काही शंभर वेळा कंट्रोल-एस केलं ते कुठे गेलं?

तर एडिटर दुपारी अपडेट झाला होता. मी जेवायला गेले तेव्हा. खाली कोपऱ्यात 'रीस्टार्ट करा' असं दोन दिवस दिसत होतं ते मी उठता उठता दाबलं, आल्यावर 'नवीन काय' असं पान उघडलेलं होतं ते न वाचता बंद केलं आणि बसले लिहायला. कोण वाचतं ते पान? नवीन रंगसंगती आली आणि अमुक ठिकाणची गळती बंद केली असलंच काहीतरी असतं त्यात.

एडिटरचं नाव घेत नाहीये कारण त्यांनी पुढे नीट केलं सगळं, आणि खरं सांगायचं तर हे कुठल्याही एडिटरच्या बाबतीत होऊ शकतं, ते का ते येईलच पुढे.

धाकट्या भावाला फोन केला. तो यातलाच आहे, दिवसभर कोड लिहितो. त्याचं पहिलं वाक्य: "ताई, तू दाबलंच नसशील."

अरे, मी दाबलंच नसेन? मला जागेपणी बघितलंय ना तू? मी वेबसाइटवरचा फॉर्म भरताना पण कंट्रोल-एस दाबते आणि मग ब्राउझर विचारतो की हे पान कुठे सेव्ह करू. मेल लिहिताना दाबते. हे दाबणं मी ठरवून करतच नाही, पूर्णविराम आला की डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर जाते आणि अनामिका एसवर, पूर्णविरामाचाच भाग असल्यासारखं. मला कोणी विचारलं की तू शेवटचं सेव्ह कधी केलंस तर मला सांगता येणार नाही, जसं शेवटची पापणी कधी लवली ते सांगता येत नाही.

आणि तीच तर गोची आहे. जे हात आपसूक करतात त्याचा निकाल आपण बघत नाही. एडिटरमधे टॅबवर फाइलच्या नावाशेजारी एक बारीक गोल ठिपका येतो, सेव्ह झालं नसेल तर. तो ठिपका माझ्यासमोर पाच तास होता. मला तो दिसलाच नाही, कारण इतक्या वर्षांत तो कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त टिकलाच नव्हता, त्याच्याकडे बघायची सवय लागायला कारणच नव्हतं.

असो. तर मी नवीन फाइल केली, चार शब्द टाइप केले, कंट्रोल-एस दाबलं. सेव्ह झालं. नाव विचारलं, नाव दिलं, झालं. भाऊ फोनवर काहीच बोलला नाही पण त्याचं ते न बोलणं मला ऐकू आलं.

मग कालचीच फाइल उघडली, हळहळत दोन ओळी आठवून लिहिल्या, दाबलं. ठिपका तसाच. परत दाबलं. तसाच. जोरात दाबलं (याचा उपयोग होत नाही, सगळ्यांना माहिती असतं, सगळे करतात). उजव्या बाजूचा कंट्रोल वापरला. नाही. मेनूत जाऊन सेव्ह केलं तर लगेच झालं, ठिपका गेला. म्हणजे फाइलवर लिहायची परवानगी वगैरे सगळं ठीक, फक्त शॉर्टकट मेलेला. आणि तोसुद्धा या फाइलमधे मेलेला, त्या फाइलमधे जिवंत.

इथून पुढचे दोन दिवस मी जे केलं ते थोडक्यात सांगते कारण त्यातलं बहुतेक वाया गेलं. कीबोर्डच बिघडलाय का ते एका टेस्टरवर बघितलं, कंट्रोल आणि एस दोन्ही व्यवस्थित पेटत होते. दुसरा कुठला प्रोग्राम मधेच हा शॉर्टकट पळवतोय का ते बघितलं, कारण स्क्रीन रेकॉर्ड करणारे, चॅटवाले, ग्राफिक कार्डवाले प्रोग्राम मागे बसून एखादं की-कॉम्बिनेशन सगळ्या सिस्टमसाठी स्वतःच्या नावावर करून ठेवतात आणि मग ते आपल्या एडिटरपर्यंत पोचतच नाही. एकेक बंद केले, फरक शून्य. शिवाय साध्या नोटपॅडमधे कंट्रोल-एस चालत होतं, म्हणजे पळवापळवी नव्हती. मग एक्स्टेंशन्स, म्हणजे एडिटरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम. माझ्याकडे तेवीस निघाली, त्यातली निम्मी कशाला टाकली होती तेही आठवेना. एकेक बंद करून बघायचं नसतं, निम्मी बंद करायची, प्रॉब्लेम राहिला तर उरलेल्यात आहे, त्यातली निम्मी बंद करायची, असं पाच फेऱ्यांत दोषी सापडतो कारण दोनचा पाचवा घात बत्तीस. पाच फेऱ्या केल्या. एकही दोषी नाही. सगळी बंद करून पण तेच.

सेटिंग्जची फाइल उघडली, तिथे शॉर्टकटची यादी असते, त्यात कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह असं स्वच्छ लिहिलेलं. आणि मजा म्हणजे त्या सेटिंग्जच्या फाइलमधे काहीतरी बदलून कंट्रोल-एस दाबलं तर ती फाइल सेव्ह व्हायची! शॉर्टकट चालत नाही म्हणून उघडलेली फाइल त्याच शॉर्टकटने सेव्ह होतेय.

मग मला वाटलं फाइलमधेच काहीतरी आहे. मराठी फाइल आहे म्हणून? कॅरेक्टर एन्कोडिंग? कुठेतरी न दिसणारं एखादं अक्षर? तर सगळा मजकूर उचलून नव्या फाइलमधे पेस्ट केला, कंट्रोल-एस, सेव्ह. म्हटलं सुटलं! जुनी फाइल खराब होती! आनंदाने पुढे लिहायला लागले, अर्धा परिच्छेद लिहिला, दाबलं, ठिपका तसाच.

इथे मी लॅपटॉप बंद करून झोपले.

तिसऱ्या दिवशी भावाने स्क्रीन शेअर करायला सांगितलं. सेटिंग्जमधे एक खिडकी असते, त्यात आपण जे दाबू ते एडिटरला काय दिसतंय ते लिहून येतं, नवीन शॉर्टकट नेमण्यासाठी. तो म्हणाला तिथे दाब. मी दाबलं, 'कंट्रोल + एस' आलं. म्हणाला, आता तुझ्या फाइलमधे जा, एक वाक्य लिही, आणि तशीच ये इकडे, मधे काही करू नको. मी लिहिलं, आले, दाबलं.

खिडकीत आलं: 'कंट्रोल + ◌े'.

टिंबांच्या गोळ्यावर बसलेली एक मात्रा. नुसती. अक्षराशिवाय मात्रा दाखवायची वेळ आली की कॉम्प्युटर तो टिंबांचा गोळा काढतो ना, तो. भाऊ तिकडे हसायला लागला आणि मला दोन सेकंद कळलंच नाही, मग कळलं आणि मी पण.

मी मराठी इनस्क्रिप्टमधे टाइप करते, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं मराठी अक्षर याची एक ठरलेली मांडणी, लेआउट. इनस्क्रिप्टमधे एसच्या जागी एकाराची मात्रा असते. ए वर ओकार, एस वर एकार, डी वर हलन्त, एफ वर पहिली वेलांटी, जी वर पहिला उकार. डाव्या हाताला मुख्यतः स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची रचना आहे आणि एकदा बोटांत बसली की फार सुंदर चालते. तर मराठी चालू असताना मी जेव्हा 'कंट्रोल-एस' दाबत होते तेव्हा एडिटर ऐकत होता 'कंट्रोल-एकार', आणि कंट्रोल-एकार म्हणजे काय करायचं हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं, म्हणून तो गप्प बसत होता. इंग्रजी चालू असताना एस तो एस. नव्या फाइलमधे चार शब्द घाईत इंग्रजीत टाइप केले होते. सेटिंग्जची फाइल इंग्रजीच. पेस्ट करताना आधी इंग्रजीत होते आणि पेस्ट करायला मराठी लागत नाही. सगळं जुळलं.

पण मग कॉपी-पेस्ट कसं चालत होतं? हा प्रश्न मला रात्री पडला. इनस्क्रिप्टमधे सी वर म आहे, व्ही वर न, एक्स वर अनुस्वार. म्हणजे कंट्रोल-म ने कॉपी आणि कंट्रोल-न ने पेस्ट होत होतं, विनातक्रार, आणि त्यामुळेच तर मला कीबोर्डच्या भाषेचा संशय आला नाही. तर कॉपी-पेस्ट हे बरेचदा एडिटर स्वतः करतच नाही, तो ज्या खालच्या थरावर बांधलेला असतो (हल्ली बरेचसे एडिटर आतून ब्राउझरच असतात) तो थर ते परस्पर सांभाळतो. अपडेटमधे बदललं होतं ते फक्त एडिटरचं स्वतःचं शॉर्टकट ओळखायचं काम. सेव्ह गेलं, शोधा गेलं, नवीन फाइल गेलं, कॉपी-पेस्ट राहिलं. मी 'शोधा' मराठीत लिहिताना वापरत नाही म्हणून ते गेलेलं मला कळलंच नव्हतं.

आता नेमकं काय बदललं ते सांगते, मला हे फार आवडलं, ज्यांना नाही आवडणार त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्या.

कीबोर्डला एस माहिती नसतो. त्याला फक्त जागा माहिती असते. यूएसबी कीबोर्ड त्या जागेसाठी २२ हा आकडा पाठवतो (ए ला ४, बी ला ५, असं मोजत गेलं की एस २२ वर येतो), आणि त्या कीवर वरून काय छापलंय, स्टिकर लावलाय की रंग उडालाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग ऑपरेटिंग सिस्टम बघते की सध्या कुठला लेआउट चालू आहे आणि त्यानुसार ठरवते की या जागेचं अक्षर कुठलं. शेवटी ब्राउझरसारख्या थरातून एडिटरला एका दाबण्याबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी कळतात. एक, जागा कुठली. दोन, अक्षर कुठलं उमटलं. आणि तीन, एक जुना आकडा, कीकोड म्हणतात त्याला, जो एससाठी ८३ असतो आणि जो धड जागाही नाही आणि धड अक्षरही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी आहे. माझ्याकडे मराठी लेआउट चालू असला तरी त्या कीचा कीकोड ८३च येतो. इतकी वर्षं एडिटर हा ८३ बघत होता, म्हणून माझं चालत होतं.

आता हा कीकोड जुना झालाय, नव्या कोडमधे वापरू नका, असं वेबच्या स्टँडर्डमधेच म्हटलेलं आहे. कोणीतरी साफसफाई करायला बसलं, ठिकठिकाणचा कीकोड काढला आणि त्याजागी 'कुठलं अक्षर उमटलं' ते टाकलं. ज्याने केलं त्याच्या कीबोर्डवर एस दाबलं की एसच उमटतो. त्याच्या सगळ्या टेस्ट पास. माझ्याकडे उमटला २३७५, म्हणजे युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी) एकाराच्या मात्रेचा नंबर. ८३ कुठे आणि २३७५ कुठे.

चिडायचं ठरवलं होतं पण हे कळल्यावर चिडता येईना. कारण तुम्हीच सांगा, काय बघायला हवं होतं त्याने? अक्षर नको, जागा बघ, असं मी म्हणणार, कारण माझी अनामिका एस दाबतच नाही, ती 'ती जागा' दाबते, त्या जागेवर या क्षणी कुठलं अक्षर बसलंय याचा तिला पत्ता नसतो. पण भाऊ म्हणाला की नुसती जागा बघितली तर दुसरेच लोक मरतात. त्याच्या ऑफिसात एकजण ड्वोराक वापरतो, त्या लेआउटमधे आपल्या एसच्या जागी ओ असतो आणि एस पार उजव्या हाताला. तो माणूस कंट्रोल-एस म्हणून जिथे दाबतो ती जागा वेगळीच. फ्रेंच कीबोर्डवर झेड आणि डब्ल्यू यांची अदलाबदल असते, तिथे जागेवर गेलं तर अनडू करायला डब्ल्यू दाबावं लागेल. त्यांच्यासाठी अक्षर खरं, जागा खोटी.

आणि यात कोण बरोबर हे सुरुवातीपासूनच ठरलेलं नाहीये. कट-कॉपी-पेस्टच बघा. कॉपीचा सी हे अक्षर आहे, कबूल. पण पेस्टचा व्ही कुठल्या शब्दाचा? अनडूचा झेड? ॲपलच्या लिसा नावाच्या कॉम्प्युटरवर १९८३ साली आणि मग १९८४ च्या मॅकिंटॉशवर हे झेड-एक्स-सी-व्ही असे ओळीने बसले ते डाव्या हाताच्या खाली, एकमेकांशेजारी. ती चक्क जागा आहे, अक्षरांचा नुसता बहाणा. याउलट स्पॅनिशमधलं ऑफिस बघा, त्यात सेव्ह कंट्रोल-जी ने होतं, कारण त्यांच्या भाषेत सेव्ह म्हणजे ग्वार्दार. ते अक्षर. त्या न्यायाने आपलं कंट्रोल-ज व्हायला हवं, जतनचा. इनस्क्रिप्टमधे ज कुठे आहे माहितीये? पी वर. म्हणजे सेव्ह करायला गेलो आणि प्रिंट निघालं.

एस म्हणजे सेव्ह हे तरी कुठे आधीपासून होतं? वर्डस्टार नावाचा एक वर्ड प्रोसेसर १९७८ साली आला, त्यात कंट्रोल-एस म्हणजे कर्सर एक अक्षर डावीकडे. ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस म्हणजे डावीकडे, डी म्हणजे उजवीकडे, असा कीबोर्डवरच चौकोनी पतंग काढलेला, आणि हीसुद्धा परत जागाच. सेव्ह करायला कंट्रोल-के आणि मग एस. त्याआधी १९७६ च्या ईमॅक्स नावाच्या एडिटरमधे कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस. ते आजही तसंच आहे. व्हीआय हा एडिटर पण १९७६ चाच, त्यात आधी एस्केप, मग कोलन, मग डब्ल्यू. (हे इनस्क्रिप्ट चालू असताना केलं तर कोलनच्या जागी छ येतो आणि डब्ल्यूच्या जागी ऐकार, आणि एस्केप दाबायला विसरलात तर फाइलच्या मधोमध 'छै' उमटतं. मी जुन्या फाइलींमधे 'छै' शोधलं. सापडली. तीन.)

आणि टर्मिनलमधे, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, तर कंट्रोल-एस म्हणजे 'थांब'. सेव्ह नाहीच. ज्या काळात टेलिटाइपवर कागदावर छापून यायचं त्या काळात समोरच्या मशीनला 'जरा दम धर, मला झेपत नाहीये' असं सांगायची ती खूण, आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'हं, चालू दे'. एसचा नंबर ८३, कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात, राहिले १९, आणि ॲस्कीमधे (अक्षरांच्या नंबरांची जुनी यादी) १९ म्हणजे ही थांबायची खूण. ही खूण आजच्या टर्मिनलमधे अजून जिवंत आहे. मला कळायच्या आधी मी कितीदा तरी सवयीने टर्मिनलमधे कंट्रोल-एस दाबलंय, सगळं गोठलंय, मला वाटलंय हँग झालं आणि मी खिडकीच बंद केलीये. कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर चालू झालं असतं. आता मी एसटीटीवाय नावाच्या कमांडची एक ओळ टाकून ते बंदच करून ठेवलंय, पण हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

तर मुद्द्यावर. दोष कळला पण दुरुस्ती येईपर्यंत काय? पहिले काही तास मी प्रत्येक वेळी भाषा बदलून इंग्रजी, मग कंट्रोल-एस, मग परत मराठी असं केलं. दहा मिनिटांत वैताग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे परत मराठी करायचं राहून जायचं आणि अर्धी ओळ अगम्य इंग्रजीत उमटायची. मेनूतून सेव्ह करणं जमलं नाही, म्हणजे येतं करता, पण हात माउसकडे गेला की वाक्य तुटतं.

भाऊ म्हणाला ऑटोसेव्ह लाव ना सरळ, कुठल्या जमान्यात आहेस. त्याच्याशी माझं यावर जुनं भांडण आहे. मला ऑटोसेव्ह आवडत नाही. लिहिता लिहिता मी एखादा परिच्छेद पूर्ण उडवून बघते की याच्याशिवाय कसं वाचलं जातं, आणि त्या क्षणी फाइलमधे काय आहे ते मी ठरवणार, घड्याळ नाही. सेव्ह करणं म्हणजे 'हं, इथपर्यंत पटलं' असं म्हणणं आहे माझ्यासाठी. तो म्हणतो तुला पटायची वाट बघत साडेचारशे शब्द गेले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चार दिवस लावला ऑटोसेव्ह.

पण यात पण दोन जाती असतात आणि त्या लोक एकत्र करतात. एक ऑटोसेव्ह तुमच्या मूळ फाइलवरच लिहितो. दुसरा मूळ फाइलला हात लावत नाही, शेजारी वेगळी फाइल करून त्यात तुमचं काम टिपत राहतो, आणि काही बिनसलं तर विचारतो की यातून परत आणू का. व्हिम नावाचा एडिटर असं करतो, दर २०० अक्षरं झाली किंवा ४ सेकंद तुम्ही काहीच टाइप केलं नाहीत की शेजारच्या स्वॅप फाइलमधे टिपतो. ईमॅक्स साधारण ३०० वेळा की दाबली गेली की टिपतो. या जुन्या खोडांना माणसाचा स्वभाव जास्त कळला होता असं माझं मत आहे: पटलेलं वेगळं ठेवायचं आणि न पटलेलं वेगळं, पण दोन्ही ठेवायचं. पण माझ्या वेळी व्हिमचं टिपणसुद्धा कामाला आलं नसतं हे मला मान्य आहे. ही टिपणं अपघातासाठी असतात. मी विचारल्यावर 'नको' म्हटलं होतं. 'नको' म्हटल्यावर व्हिम तीसुद्धा फाइल पुसतो, शहाण्यासारखा.

शेवटी जे केलं ते सोपं निघालं. ज्या खिडकीत ती मात्रा दिसली होती तिथेच सेव्हसमोर दुसरा शॉर्टकट म्हणून 'कंट्रोल + ◌े' नेमून टाकला. झालं. मराठी असो इंग्रजी असो, एकच जागा, एकच बोट. मग उत्साहाच्या भरात 'शोधा'साठी कंट्रोल-पहिली वेलांटी पण नेमली. ज्यांच्याकडे फोनेटिक लेआउट आहे त्यांना तिथे मात्रेऐवजी कंट्रोल-स दिसेल, ते नेमायचं. ती सेटिंग्जची फाइल आता बघायला फार गंमतशीर दिसते, सगळं इंग्रजी, आणि मधेच दोन ओळींत लटकणाऱ्या मात्रा, ज्या शेजारच्या अवतरण चिन्हाला चिकटायला बघतात आणि ती ओळच वेडीवाकडी दिसते. भावाने विचारलं हा बग आहे का. नाही रे, ती माझी सेव्हची कळ आहे.

मग रीतसर बग नोंदवला. काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, लेआउट कुठला, आणि मुख्य म्हणजे त्या मात्रेचा स्क्रीनशॉट. शब्दांनी जे तीन परिच्छेदांत सांगता आलं नसतं ते त्या चित्रात होतं. पहिलं उत्तर आलं की आमच्याकडे चालतंय. हे येतंच. मग दुसऱ्याच दिवशी एक रशियन लिहिणारा आला, त्याचंही तेच, मग एक ग्रीक लिहिणारी. तिघंही बरेच दिवस स्वतःलाच दोष देत होतो. त्या ग्रीकवालीने तर नवीन कीबोर्ड मागवला होता.

दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली, आणि त्यांनी केलं ते मला पटलं. आधी अक्षर बघायचं. ते अक्षर इंग्रजी ए ते झेडमधलं असेल तर तेच धरायचं, म्हणजे ड्वोराकवाला आणि फ्रेंचवाले खूश. आणि ते दुसऱ्याच कुठल्या लिपीतलं असेल तर मग जागा बघायची. इतकंच. चार ओळींचा कोड असेल.

या वेळी 'नवीन काय' चं पान वाचलं. खाली, रंगसंगती आणि गळत्यांच्या नंतर, एक ओळ होती की इंग्रजीखेरीज इतर कीबोर्ड लेआउटवर काही शॉर्टकट चालत नव्हते ते आता चालतात. 'काही शॉर्टकट.' माझे साडेचारशे शब्द, त्या रशियनाचं जे काय गेलं असेल ते, आणि एक नवाकोरा कीबोर्ड.

तो मजकूर मी परत लिहिला. पहिल्यापेक्षा चांगला झाला असं म्हणायची पद्धत आहे, पण नाही झाला, एक वाक्य होतं त्यात मधे कुठेतरी, ते काही केल्या आठवत नाही.

माझी ती मात्रेची ओळ मी सेटिंग्जमधून काढलेली नाही. आता त्यांची दुरुस्ती पण चालते आणि माझी ओळ पण चालते, त्यामुळे मराठीत एकदा दाबलं की दोनदा सेव्ह होतं, खाली कोपऱ्यात 'सेव्ह झालं' असं लागोपाठ दोनदा लुकलुकतं. भाऊ म्हणाला एक काढून टाक. म्हटलं राहू दे.